बत्ताशाची तारीख कशी ठरवू?

मांजराकाठची (लातूर) · ४ जानेवारी २०२४, रात्री ९:४०

नमस्कार. मी इथं वाचनमात्र. फार तर पाककृतींखाली "करून बघते" लिहून पळणारी. आज मात्र लिहायला बसलेय.

आमचा बत्ताशा पंधराव्या वर्षात आहे. २००९ च्या पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवायला गेलो तर जिन्याखाली सापडला. मूठभर जीव, पांढराफेक, पाठीवर रुपयाएवढा पिवळट ठिपका. पोरगा तेव्हा पाच वर्षांचा. त्यानं गुढीच्या गाठीतला एक बत्तासा मोडून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो खाल्ला नाही, पण नाव पडलं ते पडलंच.

पुढं त्याला साखर झाली. ती कळली लातूरच्या पाण्यामुळं. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं आम्ही, घरात तांब्या-तांब्याचा हिशोब असतो. २०२० च्या ऑक्टोबरात आत्या (सासूबाई) म्हणाल्या, "हे मांजर तांब्याभर पाणी पिऊलालंय रोज, ध्यान हाय का तुझं?" मला वाटलं सांडत असेल. सांडत नव्हतं. खायचा भरपूर आणि वाळत चालला होता. तपासलं तर साखर ४६०. मांजर घाबरलं तरी साखर चढते म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासली, तीन-चार दिवसांनी पुन्हा रक्त. शंका उरली नाही.

तेव्हापासून सकाळी सात, संध्याकाळी सात. माणसांचंच ग्लार्जिन इन्सुलिन, एक-एक युनिट. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, पण डॉक्टर म्हणाले दूधपोळी बंद, मांजराला पोळी म्हणजे साखरच. आत्यांनी दोन दिवस घेतले आणि निकाल दिला: अंगणात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, आणि कोंबडी शिजवायची ह्यांनी. ह्यांनी तीन वर्षं शिजवली. २०२१ मध्ये मे ते नोव्हेंबर त्याला इन्सुलिन लागलंच नाही, मांजरांत असं होऊ शकतं. मग परत सुरू झालं. तुळजापूरला गेलो तरी सातच्या आत घरी, लग्नात जेवणाच्या पंगतीतून उठून घरी. कुणी विचारलं तर "घरी पेशंट आहे" म्हणायचं. आत्याही शुगरच्या, त्यामुळं खोटंही नव्हतं.

दिवाळीपासून किडन्या गेल्या. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ६.१. वजन ५.८ वरून २.७ किलोवर. मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवत चालतो. एक दिवसाआड कातडीखाली सलाईन देतो, बाटली कालनिर्णयच्या खिळ्याला. किडनी काम करत नसली की इन्सुलिन शरीरात रेंगाळतं, म्हणून आता अर्ध्या युनिटवर आलोय. तीन दिवस झाले, कोंबडीचं पाणी चाटतो, बाकी काही नाही.

परवा डॉक्टर म्हणाले, "ताई, आता तुम्ही सांगाल तेव्हा."

हे "तुम्ही सांगाल तेव्हा" मला झोपू देईना. ११ तारखेला येळवस आहे, शेतातला सण. पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला, त्याची परीक्षा १६ ला संपते. तो म्हणतो मी आल्याशिवाय काही करायचं नाही. आत्या म्हणतात मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला सोडावं लागतं. हे काहीच म्हणत नाहीत, शेगडी पेटवून बसतात.

ज्यांनी ठरवलंय त्यांनी सांगा. तारीख कशी ठरवली?

---

बालाघाट (अंबाजोगाई) · ४ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, आयडी बघून मला वाटलं मांजरा नदीचा धागा आहे. धरण भरलं नाही यंदा त्याच्यावर चार शिव्या द्यायच्या तयारीनं आलो होतो. वाचलं आणि गप बसलो.

मला मांजराचं कळत नाही. वाचायलोय.

---

सीताफळ (बीड) · ४ जानेवारी, रात्री १०:५२

ताई, चुकीच्या धाग्यावर विचारतेय, माफ करा. माझ्या नऊ वर्षांच्या मांजरीला परवाच डायबेटिस निघालाय. इन्सुलिन आणून फ्रीजमध्ये ठेवलंय, दोन दिवस झाले हिंमत होत नाही. तुम्ही शेवटाचं विचारताय आणि मी सुरुवातीचं. नंतर सांगितलंत तरी चालेल.

---

मांजराकाठची · ४ जानेवारी, रात्री ११:३०

@सीताफळ, नंतर कशाला, आत्ताच सांगते. मला तेवढंच बरं वाटेल.

आधी सिरिंज बघ. लाल टोपणाची ४० ची (एका मिलीत ४० युनिट असतात त्या औषधाची), केशरी टोपणाची १०० ची. ग्लार्जिन १०० चं असतं, त्याला केशरीच. पहिल्या आठवड्यात मेडिकलवाल्यानं लाल दिली, मीही न बघता एक रेघ भरली. लाल सिरिंजमधली एक रेघ म्हणजे १०० च्या औषधाचे अडीच युनिट! रात्री साडेदहाला बत्ताशा दारूड्यासारखा झोकांड्या खात आला आणि आडवा झाला. साखरेचं घट्ट पाणी करून बोटानं हिरड्यांना चोळत बसले. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं. वीस मिनिटांनी डोळे नीट झाले. रात्रीत तसंच डॉक्टरांकडं नेलं.

आणि जेवली नसेल तर सुई टोचायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. एवढं सांभाळ. बाकी हाताला सवय होते.

---

जनावरांचा_डॉक्टर (उस्मानाबाद, आता धाराशिव) · ५ जानेवारी, सकाळी ६:२०

ताई, मी ३१ वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढली. बैल, म्हशी, शेळ्या. मांजराचे पेशंट बोटावर मोजण्याइतके. त्यामुळं मांजराच्या औषधावर मी बोलणार नाही, तुमचे डॉक्टर आहेत, अडलंच तर उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण शेवटाचं मी पुष्कळ केलंय, त्यावर बोलतो.

पहिलं म्हणजे यात बेकायदा काही नाही. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्यातच असह्य यातनेतल्या जनावराला सोडवायची वाट ठेवलेली आहे.

दुसरं, काय होतं ते आधी माहीत असू द्या. त्या वेळी माणसं घाबरतात ती न सांगितल्यामुळं. आधी झोपेचं इंजेक्शन देतात, स्नायूत किंवा कातडीखाली. पाच-दहा मिनिटांत जनावर गाढ झोपतं. ते झोपल्याची खात्री झाल्यावरच शिरेतून भूल देण्याचं औषध, पण जादा मात्रेत. एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, मिटवायला गेलात तरी मिटलेले राहत नाहीत. लघवी होते, खाली जुनं धोतर घाला. आणि कधी कधी सगळं संपल्यावर एक मोठा श्वास येतो. तो जिवंतपणाचा नसतो, स्नायूंचा असतो. तो श्वास बघून एका शेतकऱ्यानं माझी गच्ची धरली होती. तेव्हापासून मी आधी सांगतो.

तिसरं पुरण्याचं. ते औषध शरीरात राहतं. कुत्र्यानं, कोल्ह्यानं उकरून खाल्लं तर तेही मरतं. आपली काळी माती उन्हाळ्यात वीत-वीत भेगाळते, हातभर खोल पुरलेलं वर येतं. चार फूट खणा. हाडकी जमीन असेल तर पहारीनं, पण चार फूट.

आता तारीख. ताई, तुम्ही तीन तारखा लिहिल्या. येळवस, परीक्षा आणि काशी. तिन्ही तुमच्या आहेत. त्याची एकही नाही.

सोन्याच्या मांजराबद्दल: माझी आजीही तेच सांगायची. पोरांच्या हातातली काठी खाली ठेवायला लावणारी ती भीती होती, मला तिचा आदर आहे. पण ती काठीसाठी होती, सुईसाठी नाही.

---

मांजराकाठची · ५ जानेवारी, दुपारी १:०५

डॉक्टरसाहेब, शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं. "तिन्ही तुमच्या आहेत" इथं थांबले, मग बेल झाली.

आत्यांना तुमची काठी-सुईची गोष्ट वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "डॉक्टराची आजी शाणी होती. पण डॉक्टराला काशीला जायचं नाही, मला जायचंय."

---

कोपरखळी · ५ जानेवारी, दुपारी ३:४०

मराठवाड्यात शेतकरी मरायलेत आणि इथं बोक्याच्या किडनीवर चर्चासत्र. चालू द्या.

---

बालाघाट · ५ जानेवारी, दुपारी ४:०२

@कोपरखळी, यंदा पावसानं ताण दिला, माझं सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं. तरी मी हा धागा वाचायलोय. तुमचं काय गेलं?

---

गोदातीर (नांदेड) · ६ जानेवारी, रात्री १२:२०

मी ठरवलं नव्हतं, म्हणून लिहिते.

आमची मनी. डायबेटिसची, तेरा वर्षांची. दीड वर्ष सुया दिल्या. मग खाणं सुटलं. मला वाटायचं ती आपली आपण झोपेत जाईल. सगळे असंच म्हणतात ना, मांजर शेवटी कोपरा धरतं आणि शांत जातं.

तसं झालं नाही. रात्री एकला उलट्या सुरू झाल्या. श्वास खोल खोल, धाप लागल्यासारखा, आणि तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास. साखर वापरता येईना म्हणून शरीर चरबी जाळायला लागतं, रक्त आंबट होतं, हे मला नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळत होतं की तिला त्रास होतोय आणि अडीच वाजता नांदेडात कुणी फोन उचलत नाही. पहाटे ऑटो मिळाला. वजिराबादच्या चौकात ऑटोतच गेली. मांडीवर होती, पण मला ओळखत नव्हती.

लोक समजूत घालतात, तू शेवटपर्यंत प्रयत्न केलास. मी मान हलवते. मला आठवडाभर आधीचा एक दिवस आठवतो. ती गच्चीवर उन्हात बसली होती, अंग चाटत होती. त्या दुपारी मी डॉक्टरांना बोलवायला हवं होतं.

मांजराकाठची, एवढंच. आठवडाभर उशिरापेक्षा एक दिवस लवकर.

---

पुणे_व्हाया_परभणी · ६ जानेवारी, सकाळी ९:१५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, पण इतक्यात हात टेकावेत असं मला वाटत नाही. नाकातून किंवा मानेतून अन्ननळीत नळी घालून खाऊ घालता येतं. माणसांचा साखरेचा सेन्सर मांजराच्या अंगावर लावतात, सारखा कान टोचावा लागत नाही. पुण्यात आणलंत तर मी स्वतः घेऊन जाईन दवाखान्यात, राहायची सोय माझ्याकडं.

आणि ठरवायचंच असेल तर एक मोजपट्टी आहे. अमेरिकेतल्या आलिस विलालोबोस नावाच्या पशुवैद्य बाईंनी केलेली. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर अजून थांबायला हरकत नाही.

---

मांजराकाठची · ८ जानेवारी, रात्री ८:३०

@पुणे_व्हाया_परभणी, राहायची सोय देऊ केलीत, हे मी विसरणार नाही. पण लातूर-पुणे सात-आठ तास, तो पिशवीत बसून ओरडणार, आणि तिकडं जाऊन नळी. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नळीनं पोट भरेल, किडनी परत येणार नाही.

गुणपत्रिका शाळेच्या वहीत भरली. मी २९ दिले. ह्यांना वेगळा कागद दिला, ह्यांनी १९ दिले. आनंदाला मी सहा दिले होते, ह्यांनी एक. मी विचारलं एक का? म्हणाले, "तो आता शेगडीपाशी येत नाही." तीन वर्षं शेगडी पेटली की तो तुळशीमागून यायचा आणि ह्यांच्या पायावर पाय ठेवून उभा राहायचा. हे मला माहीतच नव्हतं. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते.

कागद फाडून टाकले.

पोराला फोन केला. सांगितलं, १६ पर्यंत नाही थांबता येणार. तो म्हणाला, तुम्ही कंटाळलात. मी ठेवून दिला फोन.

---

जनावरांचा_डॉक्टर · ९ जानेवारी, सकाळी ६:०५

पोरगं बोलेल. आत्ता बोलू द्या त्याला काय बोलायचं ते.

डॉक्टर घरी येतील का विचारून ठेवा. मांजराला दवाखान्याचा वास नको शेवटी.

---

कडबाकुट्टी (औसा) · ९ जानेवारी, सकाळी ११:३०

ताई, येळवस कुठल्या शेतात तुमची? मांजर न्या सोबत. एवढंच सुचलं.

---

मांजराकाठची · ११ जानेवारी, रात्री १०:१०

@कडबाकुट्टी, नेलं.

(ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी: वेळ अमावास्या. लातूर, धाराशिवकडं अख्खं गाव शेतात जातं, शहरं ओस पडतात. कडब्याची कोप (खोपटं) करून आत पांडव मांडायचे, पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील आणि ज्याच्या शेतावर जाल त्यानं आग्रह करायचा.)

बत्ताशा भाजीच्या टोपलीत, खाली माझी जुनी स्वेटर. दरवर्षी यायचा तो. चांगला होता तेव्हा ज्वारीत शिरून उंदीर धरायचा आणि पांडवांपुढं आणून ठेवायचा. आत्या दरवर्षी ओरडायच्या, बाटवलं म्हणून, आणि पाणी शिंपडून पूजा पुढं चालू. आज कोपेच्या दाराशी उन्हात ठेवला. दोन तास तिथंच. हरभऱ्यावर पाखरं आली की कान हलायचे, मान नाही.

आत्या आंबील वाढत होत्या. कुणाचं लक्ष नाही बघून त्यांनी बोट बुडवून त्याच्यापुढं धरलं. ताकातली आंबील, ज्वारीचं पीठ, म्हणजे आमच्या सगळ्या नियमांत न बसणारी. त्यानं बोट चाटलं. तीनदा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी लांब हरभऱ्याकडं बघितलं.

संध्याकाळी सातचं इन्सुलिन दिलं नाही. खाल्लं नव्हतं म्हणून. सिरिंज भरून मग परत बाटलीत सोडली, सवयीनं. असं परत सोडायचं नसतं, सीताफळ, तू करू नकोस.

उद्या साडेअकराला डॉक्टर येतील.

---

सीताफळ · ११ जानेवारी, रात्री १०:२५

ताई.

---

गोदातीर · ११ जानेवारी, रात्री १०:४१

उद्या साडेअकराला मी पण कामावर असेन, पण तिथंच असेन.

---

बालाघाट · १२ जानेवारी, दुपारी १२:००

बारा वाजले. कुणी काही लिहू नका, ताई लिहितील तेव्हा लिहितील.

---

मांजराकाठची · १४ जानेवारी, दुपारी ४:१५

झालं. शुक्रवारी.

रात्री झोपला नाही, मीही नाही. पहाटे चारच्या सुमाराला उठून पाण्याच्या वाडग्यापर्यंत गेला, पाणी प्याला नाही, वाडग्याला हनुवटी टेकवून बसला. मी शेजारी फरशीवर. थंडी होती. मला एकदा वाटलं, आत्ताच जा की रे, म्हणजे साडेअकरा यायचे नाहीत. असं वाटलं ते लिहून ठेवते.

सकाळी ह्यांनी शेगडी पेटवली. कोंबडी नव्हती आणलेली, नुसतं पाणी तापवलं. मी काही विचारलं नाही. मग ते शेतात गेले, खड्डा करून आले. डॉक्टरसाहेब, चार फूट. टेपनं मोजला म्हणे.

साडेअकराचे डॉक्टर बारा वीसला आले. ती पन्नास मिनिटं सगळ्यात वाईट होती, आणि खोटं का बोलू, सगळ्यात चांगलीही. मांडीवर घेऊन उन्हात बसले होते. पोराला व्हिडिओ लावला. तो काही बोलला नाही, फक्त "बत्त्या" म्हणाला एकदा, आणि त्याचा कान वळला. डावा. उजवा कान इतका टोचलाय तीन वर्षांत की तो कडेला जाड झालाय.

झोपेचं इंजेक्शन दिलं तेव्हा ओरडला नाही. आमच्याच सुयांची सवय. पाच मिनिटांत अंग सैल झालं, जीभ थोडी बाहेर. डॉक्टरांनी पुढच्या पायाचे केस कापले, शीर सापडायला वेळ लागला, पाणीच नव्हतं अंगात. मग दिलं. मी मोजत होते, का मोजत होते माहीत नाही, चाळीसपर्यंत गेले. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून मान हलवली.

आणि मग तो श्वास आला. तुम्ही सांगितलेला. हे दचकून उठले, "डॉक्टर!" म्हणाले. मी ह्यांचा हात धरला आणि सांगितलं, स्नायूंचा आहे. हे मला आधी माहीत नसतं तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. डोळे उघडे होते. मिटवायला गेले नाही.

आत्या आतल्या खोलीतून आल्या नाहीत. जपाची माळ चालू होती, दाराबाहेर ऐकू येत होती. टोपलीत ठेवला तेव्हा मात्र आल्या, हातात विभूतीची डबी. आमच्याकडं माणसांनाही पुरतातच. त्यांनी तीन बोटं त्याच्या कपाळावर ओढली. पांढऱ्यावर पांढरं, दिसलंही नाही. काशीचा विषय काढला नाही. काढतील, त्यांना मी ओळखते.

शेतात बांधावरच्या लिंबाखाली पुरला. कोप अजून तशीच होती.

पोराशी काल बोलणं झालं नाही. आज त्यानं मेसेज केला, "जेवलात का". मी "हो" लिहिलं.

---

जनावरांचा_डॉक्टर · १४ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

ताई, तुम्ही चाळीस मोजलेत. मीही मोजायचो. कुणाला सांगितलं नव्हतं.

---

कोपरखळी · १४ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

वर जे लिहिलं ते मागे घेतो. आमच्याकडं वडिलांच्या वेळचा बैल होता, त्याचं असंच झालं होतं, पण डॉक्टर आला नव्हता. जास्त लिहीत नाही.

---

पुणे_व्हाया_परभणी · १५ जानेवारी, सकाळी ८:००

मुलगा पुण्यात कुठं राहतो? नंबर नको, मी व्यनि (खासगी निरोप) केलाय. संक्रांत आहे, त्याला जेवायला बोलावते. माझ्याकडं दोन मांजरं आहेत. नको म्हणाला तर तिळगूळ घेऊन जाऊ दे नुसता.

---

मांजराकाठची · १७ जानेवारी, रात्री ९:२०

@पुणे_व्हाया_परभणी, गेला होता तो. तुमच्या काळ्या मांजरीनं ओरबाडलं म्हणाला. आवाज बरा होता. काल परीक्षा संपली, उद्या येतोय.

आज कपाट आवरलं. उरलेलं: केशरी टोपणाच्या सिरिंजा १४, साखर तपासायच्या पट्ट्या एक डबी (मुदत ऑक्टोबरपर्यंत), सलाईनच्या दोन बाटल्या. फोडलेली इन्सुलिनची बाटली टाकून दिली. सुयांसाठी आमच्याकडं तेलाचा जुना डबा आहे, भरला की दवाखान्यात नेऊन देतो, कचऱ्याच्या गाडीत कधी टाकलं नाही.

आत्या बाजूला बसून बघत होत्या. म्हणाल्या, "त्या सुया कशाला टाकतीस, मला चालतील की." त्यांचं इन्सुलिन ४० चं. म्हटलं, आत्या, ह्या केशरी आहेत, तुम्हाला लालच लागते, ह्यात तुमचं भरलं तर कमी जाईल. त्यांनी एक उचलून उन्हात धरून बघितली, रेघा मोजल्या आणि खाली ठेवली. "त्याची वेगळीच होती व्हय," म्हणाल्या.

@सीताफळ, पत्ता व्यनि कर, सिरिंजा आणि पट्ट्या पाठवते. मीटर त्याच कंपनीचा आहे ना बघ, नाहीतर पट्ट्या वाया.

---

सीताफळ · १९ जानेवारी, संध्याकाळी ७:०४

ताई, आत्ता दिलं. पहिलं. केशरीच आहे, चारदा बघितलं. तिला कळलंसुद्धा नाही, ती खात होती. पण मला वाटतंय सुई पलीकडून बाहेर आली की काय, केस ओले लागतायत हाताला. परत देऊ का?

---

मांजराकाठची · १९ जानेवारी, संध्याकाळी ७:०६

नको! परत अजिबात नको. किती गेलं कळत नसेल तर गेलं असं समजायचं. एक वेळ साखर जास्त राहिली तर काही बिघडत नाही, दोनदा गेलं तर रात्रभर बसावं लागतं.

केसांचा वास घे. बँडेडसारखा, औषधी वास आला तर बाहेर सांडलंय. उद्या मानेवर नको घेऊस, कुशीला घे. दोन बोटांनी कातडी उचल, तंबू होतो, त्याच्या बुडाशी सुई आडवी. तिचं खाणं अर्ध्यावर आलं की दे, सुरुवातीला नको.

उद्या सकाळी सातला मी जागी असते. लिही.